फक्त दारावरची पाटी

माझ्या नणंदेला घरात सगळे गोचीड म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ती ओ देते, म्हणून मीही इथे तेच म्हणणार आहे. हे नाव तिला तिच्या दादाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, लहानपणी ठेवलं. घरातला एक रेडिओ बंद पडला होता. सगळ्यांनी हात टेकले, दुरुस्तीवाला म्हणाला भंगारात द्या, आणि ही जेवणाच्या टेबलाखाली पेचकस घेऊन बसली ती रेडिओ खरखरायला लागल्यावरच उठली. नीट तो पुढे कधीच वाजला नाही. पण तिचं म्हणणं असं की मेलेला रेडिओ खरखरत नाही, त्यामुळे ती जिंकली.

आता ती पंचेचाळिशीची आहे. लग्न केलं नाही. कोणी विषय काढलाच तर "राहून गेलं" म्हणते, दूध आणायचं राहून गेल्यासारखं. आमच्या दुकानावरच्या खोलीत राहते. खोलीत एक खाट, एक टेबल, अक्षरं पुसून गेलेला कळफलक आणि ठिकठिकाणी अर्धे प्यायलेले चहाचे कप. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला असतो आणि तरी ती तो शोधत असते.

दुकान माझं. श्रवणयंत्रांचं. यंत्रं कानाला बसवून द्यायची, त्यांचे सेल बदलायचे, आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्याशी दिवसभर बोलायचं. त्याचा परिणाम असा झालाय की मला हळू बोलताच येत नाही. मी कुजबुजले तरी रस्त्यापलीकडच्या चष्मेवाल्याला कळतं. दुकानातला फोनसुद्धा कायम स्पीकरवर, मोठ्या आवाजावर, कारण निम्म्या गिऱ्हाइकांना कानाशी धरूनही काही कळत नाही. स्पीकर बंद करायचं बटण केव्हाच आत बसलंय, आणि मी ते दुरुस्त करून घेतलेलं नाही. आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय, असं मी म्हणायचे.

गोचीड आधी एका छापखान्यात संगणक सांभाळायची. औषधांच्या डब्यांची वेष्टनं, शाळांची प्रगतिपुस्तकं, असलं काम. एका सकाळी सगळे संगणक उघडले तर प्रत्येकावर तोच मजकूर: तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर पैसे मोजा. मालक बिचारा साधा माणूस. त्याने आधी छपाईचंच काहीतरी बिघडलंय असं समजून यंत्रवाल्याला बोलावलं. पुढे व्हायचं ते झालं. छापखाना बंद पडला, सगळे घरी बसले. बांधणी विभागातली एक बाई निवृत्तीला आली होती, तिचा हिशेबही धड झाला नाही. गोचीड त्या बाईबद्दल अजून बोलते, स्वतःच्या नोकरीबद्दल कधी बोलली नाही.

पण तिच्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. नंतर तिला कळलं की या चोरांची आपली पानं असतात, इंटरनेटच्या मागच्या गल्लीत. तिथे ते उघड जाहिराती करतात. अमक्या कंपनीत शिरायची वाट विकणे आहे. तमक्याच्या फायली आमच्याकडे आहेत, पैसे न आल्यास शुक्रवारी सगळ्यांसाठी खुल्या करू. तिच्या छापखान्यात शिरायची वाटही अशीच विक्रीला लागलेली होती. हल्ल्याच्या कितीतरी आधी.

"लोकांनी बघितलं गं वहिनी," ती मला म्हणाली होती. "ज्यांचं कामच बघणं आहे त्यांनी बघितलं. आकडे काढले, अहवाल लिहिले. फोन कोणीच केला नाही."

मी म्हटलं, जग असंच आहे, चहा घे. ती म्हणाली, "एक फोन, वहिनी. मालकाने कुलूप बदललं असतं." आणि चहा न घेताच वर गेली. तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता ही टेबलाखाली बसली.

थोड्या दिवसांनी म्हणाली, मी एक स्क्रिप्ट लिहितेय. आमच्या ह्यांना वाटलं नाटक. ते खूशही झाले, घरात कोणीतरी कलाकार निघालं म्हणून. तिने समजावलं की संगणकाला कामं लिहून द्यायची, एकामागून एक, म्हणजे तो न कंटाळता तीच तीच करत बसतो. तिची स्क्रिप्ट चोरांची ती पानं ठरलेल्या वेळी उघडायची, ज्यांच्यावर घाला पडलाय त्यांच्या वेबसाइटचे पत्ते, म्हणजे डोमेन, वेचायची आणि एकाखाली एक लिहून ठेवायची. मग गोचीड त्या त्या साइटवरून त्यांचा फोन क्रमांक शोधायची आणि त्यांना सांगायची. बस, एवढंच. सकाळी एका कागदाच्या व्यापाऱ्याकडे नोकरी, आणि दुपारनंतर हे.

तिने सुरुवातीलाच एक नियम घातला होता. चोर प्रत्येक नावाखाली चोरलेल्या कागदांचा थोडासा नमुना ठेवतात, खरंच आमच्याकडे माल आहे हे दाखवायला. स्क्रिप्टने तिकडे बघायचं नाही आणि तिनेही नाही.

"फक्त दारावरची पाटी वाचायची," ती म्हणाली. "घर फुटलंय म्हणून आपणही आत शिरायचं नसतं."

मी म्हटलं, वा, मोठी आली. पण पटलं होतं.

आता यात एक भलतीच पंचाईत होती. तुमच्या संगणकावर चोर आलेत असं फोनवर सांगणारी माणसं बहुतेक स्वतःच चोर असतात! गोचिडीचा आवाज गोड, बोलणं नम्र. "नमस्कार, आपला थोडा वेळ घेऊ का?" समोरचा तिथेच फोन आपटायचा. ईमेल पाठवली तर कोणी उघडायचं नाही, आणि न उघडण्यात त्यांचं शहाणपण होतं. एकदा ती माझ्या दुकानातून एका गादीवाल्याला फोन करत होती. त्याने तिला काय काय ऐकवलं, आणि सगळं स्पीकरवर. माझं टाळकं सरकलं. तिला बाजूला सारून मी ओरडले, "अहो गादीवाले! तुमच्या घरातून धूर येतोय हे सांगायला आलेल्या बाईला शिव्या देता? तुमचा पैसा नको, तुमचा पासवर्ड नको, आणि तुमची गादी तर फुकट दिलीत तरी नको. तुमचा संगणक बघणारा जो कोण असेल त्याला आत्ता हाक मारा, आणि मग झोपा खुशाल!"

 मग तो म्हणाला, "बाई, जरा नीट सांगा, काय झालंय?"

गोचीड माझ्याकडे बघत राहिली. तिला जे महिनोन्‌महिने जमलं नव्हतं ते मी एका झटक्यात केलं होतं, आणि कारण अगदी साधं होतं. ठग कधी रागावत नाहीत. त्यांना तुमच्याकडून काहीतरी हवं असतं, मग ते कशाला ओरडतील? त्या दिवसापासून स्क्रिप्ट तिची आणि फोन माझा, अशी वाटणी झाली. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मी नंबर फिरवायचे आणि अनोळखी माणसांना झापायचे. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. आमचे हे म्हणायचे, "इतकी वर्षं फक्त मलाच मिळायचं, आता सगळ्यांना वाटतेय."

ते वाक्य चांगलं होतं, पण मी त्यांना तसं दाखवलं नाही.

पुढे एक घोळ झाला. चोर एकाच कंपनीचं नाव तीन प्रकारे लिहायचे. कंपनीच्या ऑनलाइन दुकानाचा पत्ता वेगळा, टपालाचा वेगळा, मुख्य वेगळा. स्क्रिप्ट तिन्ही वेचायची आणि मी एकाच माणसाला तीनदा फोन करायचे. एक हिशेबनीस तिसऱ्या फोनला असा भडकला की मलाही दोन शब्द शिकायला मिळाले. गोचिडीने मग स्क्रिप्टमध्ये सुधारणा केली. डोमेनचा पुढचा तुकडा कापायचा, शेवटचा मुख्य भाग तेवढा ठेवायचा, आणि सारखे असतील ते एकच धरायचे. पत्त्यातला खोली क्रमांक खोडून नुसतं इमारतीचं नाव ठेवावं, तसं. काम कसं झकास झालं! नावं निम्मी झाली. ती इतकी खूश की त्या दिवशी चहा गरम असतानाच प्यायली.

त्याच आठवड्यात मंगळवारी एका कंपनीचं नाव आलं. ही कंपनी लहानसहान लोकांना तयार वेबसाइट भाड्याने द्यायची. मी फोन केला. तिथला व्यवस्थापक थंडपणे म्हणाला, "आम्हाला कल्पना आहे. आमचे वकील बघताहेत. तुमचा संबंध काय?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत आहे ना, मग झालं." आणि त्या नावापुढे बरोबरची खूण केली. एक फोन आणि तोही सोपा.

गुरुवारी दुपारी मी काउंटरवर एका निवृत्त मास्तरांचं यंत्र उघडून बसले होते. मास्तर समोरच्या खुर्चीत. गोचीड तिचा लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी.   चष्मा नाकावर असताना ती गळ्यातली दोरी चाचपत होती.

"काय गं?"

"वहिनी, मंगळवारी त्या पानावरून स्क्रिप्टने चाळीसच्या वर ओळी वाचल्या."

"मग?"

"आणि नाव एकच लिहिलं."

मला काही उमगेना. ती उठली, परत बसली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "ती भाड्याने देणारी कंपनी. तिच्याकडच्या प्रत्येकाचा पत्ता तिच्याच नावाने संपतो. पुढे त्याचं नाव, मागे कंपनीचं. मी पुढचं कापलं. सगळ्यांचं कापलं. आपण इमारतीच्या मालकाला फोन केला आणि आतल्या भाडेकरूंना..." तिने तोंडावर हात ठेवला. "मी माणसं खोडली, वहिनी."

"मुदत कधीची आहे?"

"उद्या संध्याकाळी सगळं खुलं करणार."

मी तिला रडायला वेळ दिला नाही, आणि तिने मागितलाही नाही. तिथेच काउंटरवर, सेलच्या डब्या बाजूला सारून, तिने ती कापाकापीची ओळ काढली. भाड्याने जागा देणाऱ्या कंपन्या कुठल्या ते आधी ओळखायचं आणि त्यांच्या बाबतीत पुढचं नाव शाबूत ठेवायचं, असं नवं लिहिलं. स्क्रिप्ट पुन्हा चालवली. पडद्यावर एकामागून एक नावं उतरायला लागली. गाण्याचा वर्ग. पाळणाघर. कुलूपवाला. कुत्री शिकवणारा. दातांचा डॉक्टर. एकेक माणूस आपल्या दारात येऊन उभा राहिल्यासारखं वाटलं मला. मी ह्यांना हाक मारली, "अहो, दुकान बघा!" आणि फोन ओढला.

कुलूपवाल्याला समजावताना मजा आली, तुमचंच कुलूप फुटलंय म्हटल्यावर तो आधी हसला आणि मग फार घाईत फोन ठेवला. पाळणाघरवाल्या बाईने लगेच ऐकलं. गाणं शिकवणारे म्हणाले, माझ्याकडचं चोरून कोणी काय गाणार? असं करत करत मी एका शिवणवर्गापाशी आले.

"शिवणवर्ग," पलीकडून आवाज आला. कोरडा, मध्यमवयीन बाईचा.

मी माझं नेहमीचं सुरू केलं. तुमच्या वेबसाइटच्या मागे ठेवलेले कागद चोरीला गेलेत, उद्या संध्याकाळी ते उघडे करणार आहेत, मला तुमच्याकडून काही नको. "चोरांनी लिहिलंय की तुमच्याकडच्या मुलींचे राहण्याचे पत्ते त्यात आहेत," मी म्हटलं. हे त्या पानावर नावाखालीच मोठ्या अक्षरात होतं, त्यासाठी आत डोकवावं लागत नव्हतं.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. 

"कोणी पाठवलं तुम्हाला?" बाईने विचारलं.

"कोणी नाही हो. मी सांगतेय ना..."

"कुठल्या मुलीचा नवरा? सरळ सांगा. तुम्ही फोन करायचा, मी घाबरून मुलींना घराबाहेर काढायचं, आणि तुमचा माणूस कोपऱ्यावर उभा असणार, कोण कुठे जातं ते बघायला. हे आम्ही आधीही भोगलंय. एकदा बाईच बोलली होती अशी, तुमच्यासारखीच."

 शिवणवर्ग नव्हता तो. म्हणजे शिवणही असेल, पण मारझोडीतून पळून आलेल्या बायकांना लपवायची ती जागा होती. पाटी शिवणवर्गाची लावली होती, कोणी शोधत आलं तर त्याला काही कळू नये म्हणून. आणि त्या कुठे कुठे राहतात ते पत्ते उद्या संध्याकाळी जगापुढे येणार होते. ज्याला हवे असतील तो ते छापून खिशात घालून निघेल.

आयुष्यात पहिल्यांदा मला ओरडता येईना. "बाई, मी खरं सांगतेय," एवढंच म्हटलं.

"खरं सांगताय? मग त्यातलं एक नाव सांगा. फक्त एक. आमच्या एका मुलीचं नाव, जे बाहेर कोणाला माहीत नाही. मग बोलू आपण."

"थांबा जरा," मी म्हटलं आणि फोनवर हात ठेवून गोचिडीकडे वळले. "ऐकलंस ना? उघड तो नमुना. एक नाव बघ आणि सांग."

"नाही," गोचीड म्हणाली.

"अगं, नाही काय! एक नाव! समोर आहे ते, बोट लाव!"

"वहिनी, त्या बायकांनी पत्ता लपवलाय. आईबापांपासूनसुद्धा लपवला असेल. तो चोरांनी वाचला. आता मीही वाचू?"

"तू काय त्यांना मारायला जाणार आहेस?"

"मी नाही जाणार. पण मला माहीत असलं की तो पत्ता आणखी एका डोक्यात गेला. उद्या मी कुठे बोलून जाईन, झोपेत बरळेन, कोणी मला दमदाटी करून विचारेल. जितक्यांना कमी माहीत, तितकं त्यांचं बरं. आणि नावापाशी थांबता येत नाही तिथे. नाव बघायला गेलं की पत्ताही दिसतो."

"मग उद्या त्यांचे नवरे वाचतील! ते चालेल तुला? तुझ्या नियमाला काय चाटायचंय? कोणाचा तरी जीव जाईल आणि तू पाटी वाचत बस!" मी आता माझ्या नेहमीच्या आवाजावर आले होते. चष्मेवाला त्याच्या दारात आला. आमचे हे यंत्राचा डबा हातात धरून तसेच उभे. फक्त मास्तर शांत होते. त्यांचं यंत्र माझ्यापुढे उघडं पडलं होतं, त्यामुळे त्यांना आमची तोंडं तेवढी हलताना दिसत होती आणि ते कौतुकाने हसत होते.

गोचीड रडत होती. पण ऐकत नव्हती. "नाही बघणार म्हटलं ना! त्यांच्यापर्यंत पोचायचा दुसरा रस्ता काढीन मी. तिचा विश्वास बसत नाही ना, मी जाते. समोर उभी राहते. माझं तोंड बघून ठरवू दे तिला."

"कुठे जातेस? पत्ता वाचायचा नाही म्हणतेस आणि जातेस कुठे, कपाळ माझं?"

"ती सांगेल तिथे जाईन! पोलीस चौकीत बोलावलं तर चौकीत बसेन! दिवसभर बसेन. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे, तोवर मी तिची पाठ सोडणार नाही, पण ती फाईल मी उघडणार नाही, नाही, नाही!"

एवढं बोलून तिला दम लागला. 

"ऐकतेय मी," फोन म्हणाला.

मी हात ठेवला होता तो फोनवर, म्हणजे प्लास्टिकवर. स्पीकर चालूच होता. तो आमच्याकडे कधी बंद असतो? बाईने सगळं ऐकलं होतं, अथपासून इतिपर्यंत, माझ्या कपाळासकट.

"त्या दुसऱ्या बाईंना द्या," ती म्हणाली.

"बोला, मीच आहे," गोचीड म्हणाली. नाक ओढत.

"इथे फोन करणाऱ्याला नेहमी सगळं माहीत असतं," पलीकडची बाई म्हणाली. "मुलीचं नाव, तिच्या बाळाचं नाव, ती कुठल्या कुशीवर झोपते. नाव विचारलं ते म्हणूनच. तुम्ही पहिल्या आहात, ज्यांना माहीत करून घ्यायचंच नाही."  तिचा आवाज आता कोरडा नव्हता. "काय करू मी? सांगा."

गोचिडीने डोळे पुसले आणि एकेक सांगायला लागली. घरं बदला, सगळी, उद्या दुपारच्या आत. तुमच्या ओळखीचा, आधीपासून विश्वासातला पोलीस अधिकारी असेल त्यालाच बोलवा, मी सुचवेन त्याला नको. नवे पत्ते कुठल्याही संगणकात घालू नका. कागदावर नको, फोनवर नको. आणि कुठे गेलात ते आम्हाला कळवू नका.

"पोचल्याचं तरी कळवू?"

"नको," गोचीड म्हणाली. हे म्हणताना तिला किती जड गेलं ते मी बघितलं.

फोन ठेवल्यावर मला वाटलं ही आता खाली बसेल, पाणी मागेल. तिने नावं पुढे सरकवली. "पुढचा दातांचा डॉक्टर आहे, वहिनी." मीही मुकाट्याने नंबर फिरवला. त्या डॉक्टरला मी इतकं हळू बोलले की त्याने दोनदा विचारलं, आवाज येत नाहीये.

शुक्रवार कसा गेला ते विचारू नका. सगळ्यांना फोन झाले होते, कुत्री शिकवणारा तेवढा सापडेना, तर गोचिडीने त्याच्या साइटवर अभिप्राय लिहिणाऱ्या एका गिऱ्हाइकाला गाठून त्याला निरोप धाडला. संध्याकाळी ती काउंटरपाशी येऊन बसली. स्क्रिप्टने पान वाचलं. नावांपुढचा शेरा बदलला होता: खुलं. सगळे कागद आता तिथे उघडे पडले होते, एक बोट लावायचं अंतर. तिने लॅपटॉप मिटला. त्या बायका निघाल्या की नाही, बाईचा विश्वास शेवटपर्यंत टिकला की मध्येच पुन्हा शंका आली, आम्हाला काही कळायचा मार्ग नव्हता. आणि तो तिनेच बंद केला होता. मला तिचा राग येत होता आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. मी चहा करून आणला. तो तिच्यापुढे निवला.

नंतरचे दिवस ती कामाला जायची, यायची, स्क्रिप्ट चालवायची. जेवताना मध्येच थांबायची. आमचे हे तिला हसवायला रेडिओची गोष्ट काढायचे, पण ती नुसती हं म्हणायची.

मग एका सकाळी दुकान उघडल्या उघडल्या फोन वाजला. नंबर दिसत नव्हता.

"शिवणवर्गातून बोलतेय," बाई म्हणाली.

मी गोचिडीला जी हाक मारली ती ऐकून शेजारचे दोघे-तिघे बाहेर आले म्हणतात. ती जिन्यावरून अनवाणी पळत खाली आली.

"कळवू नका म्हणाला होतात," बाई म्हणाली. "कुठे आहोत ते नाहीच सांगत. पण एवढं तुम्हाला कळायला हवं. शनिवारी सकाळी एक जण आला होता. आमच्या जुन्या घरांपैकी एका घरी. हातात छापलेला कागद होता. बराच वेळ दार ठोठावत होता, मग लाथा घातल्या. दार उघडलंच. त्या दाराची कडी मोडलेली होती, आम्ही आज बसवू उद्या बसवू म्हणत होतो."

गोचिडीने काउंटरची कड घट्ट धरली.

"आत शिलाईचं एक मशीन होतं तेवढं. ते नेता आलं नाही आम्हाला. तो सगळ्या खोल्या फिरला, शेजारच्यांनी बघितलं. पोलिसांना त्यांनीच बोलावलं. ती मुलगी इथे आहे. आत्ता माझ्यासमोर बसून काज करतेय. तुम्हाला नमस्कार सांगते. नाव सांगू का तिचं?"

"नको," गोचीड म्हणाली. आणि मग ती अशी रडली, अशी रडली, छापखाना बंद पडला तेव्हाही नव्हती रडली. मीही रडले. फोन स्पीकरवर असल्यामुळे पलीकडेही सगळं गेलंच असणार. बाईने हळूच फोन ठेवला.

जरा वेळाने मी तोंड धुऊन आले. म्हटलं, खरं ते बोलून टाकावं. "मी तुझ्या जागी असते तर उघडली असती गं ती फाईल. त्याच क्षणी. आणि एक नाव सांगितलं असतं, आणि तिने फोन आपटला असता."

"माहितेय मला," गोचीड म्हणाली. दोरीला लटकलेला चष्मा ती टेबलावर शोधत होती. "म्हणून तर फोन तुझ्याकडे आणि स्क्रिप्ट माझ्याकडे. घे, आज नऊ नावं आलीत. पहिला एक बेकरीवाला आहे, जरा जोरात बोल, त्याच्याकडे यंत्रांचा आवाज असेल."

मी चष्मा तिच्या हातात दिला आणि नंबर फिरवला.